गप्प बसणाऱ्याला कसली भीती? हिटलरच्या ‘जलद न्याया’वरच्या फॉरवर्डला उत्तर

परवा माझी नववीतली पुतणी वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पाठ करत होती. विषय राष्ट्र आणि शिस्त. मधेच वाक्य कानावर पडलं: हिटलरच्या जर्मनीत खटले आठवड्याभरात निकाली निघत आणि कायदा पाळणाऱ्या सामान्य माणसाच्या केसालाही धक्का लागत नसे. कुठून आणलंस हे, म्हणून विचारलं तर तिने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फॉरवर्ड पुढे केला. टाकणारे माझेच वडील. खाली अंगठ्यांची रांग आणि एका काकांचं ‘आपल्यालाही असाच माणूस हवा’. हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. हिटलरचं आत्मचरित्र आपल्याकडे फुटपाथवर यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांच्या शेजारी विकलं जातं, त्यामुळे फॉरवर्डचं नवल नव्हतं आणि आजवर मी तो सोडून देत आले. पण आता तो एका शाळकरी मुलीच्या तोंडून व्यासपीठावर जाणार होता. म्हणून सविस्तर उत्तर देते आहे.

दावे पाच आहेत. एक, शिक्षा फक्त देशद्रोह्यांना झाल्या. जो आपलं काम करून गप्प राहिला त्याला कसलीच भीती नव्हती. दोन, खटले झटपट संपत, आपल्यासारखी तारखेवर तारीख नव्हती. तीन, न्यायाधीश कायद्यानेच निकाल देत, हिटलर कोर्टाच्या कामात पडत नसे. चार, गुन्हेगारी संपली, सगळ्यांना काम मिळालं, रस्ते झाले. पाच, याच्या उलट जे सांगितलं जातं ते युद्ध जिंकणाऱ्यांनी रचलेलं आहे.

चौथा आधी उरकते, कारण त्यात फार दम नाही. कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ६ ऑगस्ट १९३२ रोजी कोलोनचे महापौर आडेनाउअर यांनी खुला केला. हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, झाला ३० जानेवारी १९३३ ला. बेरोजगारी घटली, हे मात्र खरं आहे. १९३३ च्या सुरुवातीला साठ लाखांच्या घरात लोक बेकार होते आणि काही वर्षांत तो आकडा झपाट्याने खाली आला. पण नोकरीवरून काढलेले ज्यू त्या मोजणीत धरले गेले नाहीत, १९३५ पासून तरुण सक्तीने लष्करात गेले आणि कारखाने शस्त्रांच्या मागणीवर चालले. गुन्हेगारी संपली म्हणणाऱ्यांनी पाउल ओगोर्झोबद्दल वाचावं. युद्धकाळातल्या अंधाऱ्या बर्लिनमध्ये उपनगरी रेल्वेच्या आसपास त्याने आठ बायकांचे खून केले. तो स्वतः रेल्वेचा कर्मचारी आणि नाझी पक्षाचा सदस्य. पोलीस आधी परदेशी मजुरांवर आणि ज्यूंवर संशय घेत बसले, आणि वर्तमानपत्रांवर बंधनं असल्यामुळे बायकांना नीट सावधही करता आलं नाही. छापायची बंदी असली की गुन्हे दिसत नाहीत, एवढाच त्या ‘शून्य गुन्हेगारी’चा अर्थ.

आता पहिला दावा. सगळ्यात घातक हाच आहे, कारण तो वाचणाऱ्याला सांगतो की तू साधा माणूस आहेस, तुला काय होणार आहे.

बर्लिनच्या एका शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात एक बाई कामाला होती. नवरा युद्धात मारला गेलेला. तिने कामाच्या ठिकाणी एक विनोद सांगितला: हिटलर आणि त्याचा उजवा हात ग्योरिंग बर्लिनच्या रेडिओ टॉवरवर उभे आहेत. हिटलर म्हणतो, बर्लिनच्या लोकांना आनंद होईल असं काहीतरी करावंसं वाटतंय. ग्योरिंग म्हणतो, मग इथून उडी मारा. बरोबर काम करणाऱ्या माणसानेच ही गोष्ट वर कळवली. जून १९४३ मध्ये तिला मृत्युदंड सुनावण्यात आला. ती हुतात्मा सैनिकाची विधवा आहे याचा विचार करून तरी दया दाखवावी, असं त्या कोर्टाला वाटलं नाही. उलट सैनिकाची विधवा असून असं बोलली म्हणून तिचा अपराध मोठा धरला गेला.

आपल्या घरात रोज जेवताना पुढाऱ्यांवर होणारे विनोद आठवा. ज्या वडिलांनी हा फॉरवर्ड पाठवला ते स्वतः बातम्या बघताना कोणालाही सोडत नाहीत.

दुसरं उदाहरण ड्रेस्डेनच्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं. एल्फ्रीडे शोल्त्स. पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीमुळे जगभर गाजलेल्या एरिश मारिया रेमार्कची ही धाकटी बहीण. भावाची पुस्तकं नाझींनी १९३३ मध्ये जाळली होती आणि तो केव्हाच देश सोडून गेला होता. ही मात्र तिथेच राहिली, गिऱ्हाइकांचे कपडे शिवत. युद्ध हरल्यातच जमा आहे, सैनिकांना उगाच मरायला पाठवताहेत, असं ती ओळखीच्या माणसांजवळ बोलली. त्यांनीच तक्रार केली. २९ ऑक्टोबर १९४३ ला शिक्षा झाली आणि १६ डिसेंबरला तिचा शिरच्छेद करण्यात आला. खटल्यात न्यायाधीश रोलांड फ्राइस्लरने तिला ऐकवलं होतं की तुझा भाऊ दुर्दैवाने आमच्या हातून निसटला, पण तू निसटणार नाहीस. न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेला माणूस उघडपणे सांगतो आहे की भावाच्या लिखाणाचा सूड तो बहिणीवर उगवतोय. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हिशेबात ही बाई कुठल्या देशाचा द्रोह करत होती?

तिसरं ओटो आणि एलिझे हाम्पेल या नवरा-बायकोचं. बर्लिनच्या वेडिंग या कामगार वस्तीत राहणारी, बेताच्या शिक्षणाची माणसं. ओटो कारखान्यात कामगार. १९४० मध्ये एलिझेचा भाऊ फ्रान्समध्ये लढताना मारला गेला आणि दोघांचं मन या राजवटीवरून उडालं. त्यांनी पोस्टकार्डं लिहायला घेतली: युद्धाला मदत करू नका, हिटलरच्या निधीत पैसे टाकू नका. अशी दोनशेहून जास्त कार्डं त्यांनी इमारतींच्या जिन्यांत आणि पत्रपेट्यांत ठेवली. शाळेच्या वहीतल्यासारखं ओबडधोबड अक्षर, शुद्धलेखनाच्या चुका. गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, बरेच दिवस वाटत होतं की मागे मोठी संघटना आहे. ज्यांच्या हाती ती कार्डं लागली त्यातल्या बहुतेकांनी घाबरून ती सरळ पोलिसांकडे नेऊन दिली. दोघांना २२ जानेवारी १९४३ रोजी शिक्षा झाली आणि ८ एप्रिलला प्लोट्झेंझे तुरुंगात दोघांना मारण्यात आलं. शस्त्र नाही, पैसा नाही, संघटना नाही. पोस्टकार्डं.

हे सगळं कायद्यात बसवलेलं होतं, हे नीट लक्षात घ्यायला हवं. डिसेंबर १९३४ च्या कायद्याने सरकार आणि पक्षाविरुद्धचं ‘द्वेषमूलक’ बोलणं गुन्हा झालं. ते चार भिंतींच्या आत बोललेलं असलं तरी, पुढे बाहेर पसरू शकतं एवढं म्हणून, त्यात बसवता येत असे. जून १९३५ मध्ये फौजदारी कायदाच बदलला: एखादं कृत्य कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं नसलं, तरी ‘लोकांच्या निरोगी भावने’नुसार ते शिक्षापात्र असेल तर न्यायाधीशाने जवळपासचं कलम लावावं. १ सप्टेंबर १९३९ ला, पोलंडवर हल्ला झाला त्याच दिवशी, परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा झालं. युद्धाबद्दल निराशेचं बोलणं म्हणजे सैन्याचं मनोबल खचवणं, आणि त्याला मृत्युदंड. १९३३ च्या आधी मृत्युदंडाचे गुन्हे तीन होते, ते पुढच्या दहा-अकरा वर्षांत ४६ झाले. आता ‘कायदा पाळणाऱ्याला भीती नव्हती’ हे वाक्य पुन्हा वाचा. कायदा कसा पाळायचा, जर तो काय आहे हे शिक्षा सुनावतानाच ठरणार असेल?

अर्धं सत्य मान्य करते. ज्यू नसलेल्या, डाव्या पक्षांशी संबंध नसलेल्या बहुतेक जर्मन कुटुंबांच्या दारात गेस्टापो कधी आलाच नाही. युद्धाआधीच्या वर्षांत तोंडाळपणाची बरीच प्रकरणं ताकीद देऊन किंवा रद्द होऊन मिटली. हे इतिहासकारच सांगतात आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण असं का झालं तेही तेच सांगतात. गेस्टापोकडे माणसं फार नव्हती. ते चालायचं शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या, भाडेकरूंच्या, कधी बायको-नवऱ्याच्या तक्रारींवर. खोली बळकावायची आहे, जुनं भांडण आहे, कोणाचा राग आहे, जाऊन सांगा की हा हिटलरबद्दल वाईट बोलला. म्हणजे माणूस गप्प होता की नाही याचा निर्णय त्याच्या हातात नव्हताच. तो ऐकणाऱ्याच्या हातात होता. आणि दहातल्या एकाला मारलं की उरलेले नऊ आपसूक गप्प होतात. ती शांतता दाखवून ‘बघा, लोक किती सुखी होते’ म्हणणं मला सहन होत नाही.

याच संदर्भात एक कागद मी पुतणीला दाखवला. एरिश क्नाउफ हा पत्रकार, लोकप्रिय गाण्यांचा कवी. बॉम्बहल्ल्यात घर गेल्यावर तो आणि त्याचा मित्र, व्यंगचित्रकार एरिश ओझर, बर्लिनच्या कडेला काउल्सडोर्फमध्ये राहायला गेले. शेजारच्या माणसाने त्यांच्या गप्पा टिपून ठेवल्या आणि तक्रार केली. मार्च १९४४ च्या अखेरीस दोघांना अटक झाली. ओझरने खटल्याच्या आदल्या रात्री कोठडीत जीव दिला. क्नाउफला ६ एप्रिलला मृत्युदंड सुनावला गेला आणि २ मे रोजी ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याला मारलं. नंतर त्याच्या बायकोला सरकारकडून बिल आलं. मृत्युदंडाची फी ३०० मार्क. टपालखर्च १.८४. वकिलाची फी ८१.६०. कोठडीचा खर्च ४४. शिक्षेच्या अंमलबजावणीचा खर्च १५८.१८. आणि शेवटची ओळ: हे बिल पाठवण्याचं टपाल, १२ फेनिग (शंभर फेनिगचा एक मार्क). एकूण ५८५.७४ मार्क.

बारा फेनिग. नवऱ्याला मारल्याचं बिल ज्या पाकिटातून पाठवलं त्या पाकिटाचं तिकीटसुद्धा त्या बाईकडून वसूल केलं. एल्फ्रीडे शोल्त्सच्या बहिणीलाही असंच ४९५.८० मार्कांचं बिल गेलं होतं. कोणीतरी कारकुनाने बसून ही बेरीज केली, तपासली, सही घेतली. हुकूमशाही म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मध्यरात्री दार तोडणारे शिपाई येतात. ते होतेच. पण त्यांच्या शेजारी ही कचेरी होती, जिथे सगळं रीतसर, पावतीसकट चालायचं, आणि फॉरवर्डमध्ये ज्याची तारीफ आहे ती हीच कार्यक्षमता.

दुसरा दावा, वेगाचा. हो, खटले वेगाने चालत. आणि आपल्याकडे पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत, हेही खरं आहे. आमच्याच घरातला वाटणीचा दावा आजोबांच्या हयातीत सुरू झाला आणि वडिलांच्या हयातीत संपेल असं दिसत नाही. त्यामुळे वडिलांचा वैताग मला समजतो. पण ज्या वेगाचं कौतुक चाललंय तो कुठून आला ते बघा.

१९३३ मध्ये जर्मन संसदेला आग लागली. लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयात पाच जणांवर खटला चालला. कोर्टाने एकाला दोषी ठरवलं, बाकी चौघांना पुराव्याअभावी सोडलं. दोषी ठरलेल्या फान डेर लुबेला मारण्यासाठी आगीनंतर कायदा केला आणि तो मागल्या तारखेपासून लावला, तरीही हिटलरचं समाधान झालं नाही. चौघे सुटलेच कसे? उत्तर म्हणून एप्रिल १९३४ मध्ये नवं न्यायालय काढलं, जनता न्यायालय. (आपल्या लोकअदालतीशी याचा काडीचाही संबंध नाही.) पाच जणांच्या पीठात दोनच प्रशिक्षित न्यायाधीश, बाकीचे तीन पक्षातले, एसएस या नाझींच्या निमलष्करी दलातले किंवा लष्करातले. आरोपीला वकील हवा तर तो कोर्टाच्या अध्यक्षाला मान्य असायला हवा. अपील नाही. म्हणजे निर्दोष सुटण्याचे जेवढे रस्ते असतात तेवढे बंद केले आणि मग वेग आपोआप आला.

म्युनिकच्या विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रकं वाटणारी सोफी शोल आणि तिचा भाऊ हान्स यांना १८ फेब्रुवारी १९४३ ला पकडलं. २२ तारखेला सकाळी त्यांचा आणि त्यांचा मित्र क्रिस्टोफ प्रोब्स्ट याचा खटला उभा राहिला आणि त्याच संध्याकाळी तिघांचा शिरच्छेद झाला. सोफी एकवीस वर्षांची होती. त्याच वर्षी कार्लरोबर्ट क्रायटेन या २७ वर्षांच्या पियानोवादकाला ३ सप्टेंबरला शिक्षा झाली. आईच्या ओळखीच्या बाईकडे उतरला असताना, युद्ध हरलेलंच आहे, असं तो बोलून गेला होता. ती शिक्षा झाली त्याच सुमारास प्लोट्झेंझेतलं शिरच्छेदाचं यंत्र बॉम्बहल्ल्यात मोडलं. म्हणून ७ सप्टेंबरच्या रात्री कैद्यांना आठ-आठच्या गटाने फासावर लटकवण्यात आलं. त्या एका रात्रीत १८६ जण. क्रायटेन त्यातलाच एक. घरच्यांची दयेच्या अर्जासाठी धावपळ चालूच होती. त्या घाईत ज्यांना अजून मारायचं ठरलंही नव्हतं असे काही कैदीही मारले गेले. चूक लक्षात आल्यावर उपाय काय करणार? अपील, पुनर्विचार, दयेचा अर्ज या सगळ्याला वेळ लागतो तो याच्यासाठी.

आकडेही बघा. जनता न्यायालयाने १९४१ मध्ये १०२ जणांना मृत्युदंड दिला, १९४२ मध्ये १,१९२, १९४३ मध्ये १,६६२, १९४४ मध्ये २,०९७. ऑगस्ट १९४२ पासून फ्राइस्लर अध्यक्ष होता आणि त्या काळात समोर आलेल्या जवळपास निम्म्या आरोपींना मरणाची शिक्षा झाली. शिवाय देशभर पसरलेली विशेष न्यायालयं वेगळी, लष्करी न्यायालयं वेगळी.

तिसरा दावा, की निकाल कायद्याने होत आणि हिटलर हस्तक्षेप करत नसे. इथे मी एकाच कागदपत्रावर भर देणार आहे: १९४७ मध्ये न्युरेंबर्गला नाझी न्यायाधीशांवर आणि कायदेखात्याच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याचं निकालपत्र. त्यात जर्मन सरकारच्याच फायली पुरावा म्हणून आहेत. तीन प्रकरणं पुरेशी आहेत, त्यातलं पहिलं जरा सविस्तर सांगते.

लेओ काट्सेनबेर्गर हा न्युरेंबर्गमधला बुटांचा व्यापारी, तिथल्या ज्यू समाजाचा अध्यक्ष, वय साठीच्या पुढे. इरेने झायलर ही त्याच्या मित्राची मुलगी, फोटोग्राफर, त्याच्याच इमारतीत भाडेकरू. दोघांचा घरोबा होता. शेजाऱ्यांनी कुजबुज केली, पोलिसांनी दोघांना चौकशीला बोलावलं. झायलरने शपथेवर सांगितलं की शरीरसंबंध कधीच नव्हता, ते मला वडिलांसारखे आहेत. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशालाही पुरावा पुरेसा वाटला नाही. इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण विशेष न्यायालयाचा प्रमुख ओस्वाल्ड रोटहाउग याने ते आपल्याकडे ओढून घेतलं. झायलर साक्षीदार राहिली तर आरोपी सुटेल, म्हणून तिच्यावरच खोट्या साक्षीचा आरोप ठेवला आणि दोन्ही खटले एकत्र केले. आता ती आरोपी, त्यामुळे तिच्या साक्षीची किंमत शून्य. पुढची अडचण अशी की वंशभ्रष्टतेच्या कायद्यात, म्हणजे ज्यू आणि जर्मन यांच्या शरीरसंबंधांवर बंदी घालणाऱ्या कायद्यात, मृत्युदंड नव्हता. मग रोटहाउगने दुसरं कलम शोधलं: युद्धकाळात रात्री दिवे बंद असतात त्या अंधाराचा फायदा घेऊन केलेला गुन्हा. साठीच्या पुढचा माणूस अंधार पडल्यावर ओळखीच्या घरी जातो, एवढ्यावर मृत्युदंड. खटला सुरू होण्याआधीच रोटहाउगने डॉक्टरला सांगून ठेवलं होतं की तपासणी नुसती नावापुरती आहे, याचं डोकं उडणारच आहे. मार्च १९४२ मध्ये निकाल, जूनमध्ये शिरच्छेद. झायलरला दोन वर्षं सक्तमजुरी. कायद्याच्या पुस्तकातली प्रत्येक पायरी इथे पाळलेली आहे, हे या प्रकरणात सगळ्यात भयंकर आहे.

दुसरं प्रकरण मार्कुस लुफ्टग्लास या ७४ वर्षांच्या ज्यू म्हाताऱ्याचं. अंडी साठवल्याच्या आरोपावरून काटोवित्सच्या विशेष न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची शिक्षा दिली. हिटलरने ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि याला मारायला हवं म्हणून कळवलं. ऑक्टोबर १९४१ मध्ये कायदेखातं सांभाळणाऱ्या श्लेगेलबेर्गरने उत्तर पाठवलं: कैद्याला मारण्यासाठी गेस्टापोच्या ताब्यात दिलं आहे. अपील नाही, फेरखटला नाही, एक चिठ्ठी.

तिसरं एवाल्ड श्लिटचं. बायकोला मारहाण करणारा हा माणूस, ती पुढे मेली, त्याच्याबद्दल मला सहानुभूती नाही. कोर्टाने पाच वर्षं दिली. हिटलर संतापला, फेरखटला करवून त्याला मृत्युदंड देण्यात आला आणि एप्रिल १९४२ च्या सुरुवातीला तो मारला गेला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला हिटलरने संसदेत भाषण करून न्यायाधीशांना धमकावलं आणि सगळ्या न्यायाधीशांच्या वरचा न्यायाधीश म्हणून अधिकार मंजूर करून घेतला. हस्तक्षेप नव्हता म्हणे!

न्युरेंबर्गच्या निकालपत्रात एक वाक्य आहे: मारेकऱ्याचा खंजीर कायदेपंडिताच्या झग्याखाली दडवलेला होता. या खटल्यात दहा जण दोषी ठरले. रोटहाउग आणि श्लेगेलबेर्गरला जन्मठेप झाली, आणि दोघंही १९५६ च्या आत किंवा त्या वर्षात बाहेर आले. तेही लिहून ठेवते, कारण मग लोक म्हणतात की त्यांना काय कमी भोगावं लागलं.

याच दाव्याला जोडून एक पळवाट नेहमी ऐकू येते: न्यायाधीश तरी काय करणार, नाही म्हटलं असतं तर त्यांनाच गोळी घातली असती. लोथार क्रायसिगला घातली नाही. ब्रांडेनबुर्गमध्ये तो मनोरुग्णांच्या पालकत्वाचं काम पाहणारा न्यायाधीश. आपल्या देखरेखीखालचे रुग्ण इस्पितळांतून हलवले जातात आणि पाठोपाठ मृत्यूचे दाखले येतात, हे त्याच्या लक्षात आलं. जुलै १९४० मध्ये त्याने कायदामंत्र्याला पत्र लिहिलं आणि रुग्णांच्या हत्येची मोहीम चालवणाऱ्या फिलिप बूलरवर खुनाची तक्रार दाखल केली. त्याला बोलावून हिटलरच्या सहीचा कागद दाखवला, तर तो म्हणाला की फ्यूररच्या, म्हणजे हिटलरच्या, इच्छेने कायदा तयार होत नाही. त्याचं काय केलं? घरी बसवलं. १९४२ मध्ये निवृत्त, निवृत्तिवेतनासह. तो शेती करत राहिला आणि १९८६ पर्यंत जगला. हजारो न्यायाधीशांपुढे हा रस्ता मोकळा होता. नोकरी जाईल, बढती हुकेल, एवढीच बहुतेकांची भीती होती.

आपल्याकडे आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक असा निकाल लागला की विनाचौकशी डांबलेल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हं. रा. खन्ना. त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. आणीबाणी आणि नाझी राजवट एकाच तराजूत घालायचा माझा हेतू नाही, त्या फार वेगळ्या गोष्टी आहेत. पण ‘त्यांच्याकडे पर्यायच नव्हता’ हे वाक्य ऐकलं की मला क्रायसिग आणि खन्ना दोघं आठवतात.

राहता राहिला पाचवा दावा, जिंकणाऱ्यांनी रचलेल्या कथा. क्नाउफच्या बायकोला बिल अमेरिकेने पाठवलं नव्हतं. हाम्पेल दांपत्याची पोस्टकार्डं गेस्टापोने स्वतः जपून फायलीत लावली होती. आणि जिंकणाऱ्यांचा राग म्हणाल तर युद्धानंतर जर्मन कोर्टांनी आपल्या या सहकाऱ्यांना बहुतांशी सोडूनच दिलं. फ्राइस्लर फेब्रुवारी १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात मेला. त्याच्या शेजारी बसून किमान २३१ मृत्युदंडांवर सही करणारा हान्स-योआखिम रेझे १९६८ मध्ये निर्दोष सुटला. जनता न्यायालयाच्या एकाही न्यायाधीशाला झालेली शिक्षा पश्चिम जर्मनीत शेवटपर्यंत टिकली नाही. फ्राइस्लरच्या विधवेला तर १९७४ पासून वाढीव निवृत्तिवेतन मिळत होतं: नवरा जगला असता तर चांगल्या पगारावर असता, हे गृहीत धरून. जिला नवऱ्याच्या मृत्यूचं बिल आलं ती बाईही विधवाच होती.

जर्मनीला हे स्वतःहून मान्य करायला चाळीस वर्षं लागली. २५ जानेवारी १९८५ रोजी पश्चिम जर्मनीच्या संसदेने एकमताने ठराव केला की जनता न्यायालय हे कायद्याच्या अर्थाने न्यायालय नव्हतंच, ते दहशतीचं साधन होतं. त्याचे आणि विशेष न्यायालयांचे अन्याय्य निकाल सरसकट रद्द करणारा कायदा झाला १९९८ मध्ये. लष्करातून पळालेल्यांची नावं त्यात २००२ मध्ये आली, आणि ‘युद्धद्रोही’ ठरवलेल्यांची २००९ मध्ये. फॉरवर्ड ज्यांना देशद्रोही म्हणतो ते हेच. त्यांच्याच देशाच्या संसदेने त्यांची शिक्षा रद्द केलेली आहे.